प्रमाण राखा

ल्यूनेबुर्गात, मिठाच्या जुन्या कोठाराशेजारी
अंत्यविधीचं एक दुकान आहे. तिथे वीबके हार्म्स बसते.
नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी तिनं मला फोन केला,
प्रोग्राम मी लिहितो म्हणून.
"एकच फोटो," ती म्हणाली,
"तुमच्या तीन प्रोग्रामांत तीन माणसं होतो."

गेलो. सायकलवरून, हातमोजे विसरून.

फोटो डेटलेफ ब्रांडहोर्स्टचा,
एल्बेवर एकतीस वर्षं फेरीबोट चालवलेला माणूस.
टोपी मागे सरकलेली, डोळे उन्हानं बारीक,
कडेला मेहुण्याचा अर्धा खांदा. तो कापायचा होता.

पत्राच्या प्रोग्रामात कापायची सोय
खिडकीच्या सहाव्या कप्प्यात,
कुणी मुद्दाम लपवावी तशी.
स्लाइडच्या प्रोग्रामात तो कप्पाच नाही;
कापायचं तर निराळी खिडकी, निराळ्या दारातून.
आणि तक्त्यात चित्र सरळ चौकटीला चिकटतं,
ओल्या काचेला पान चिकटावं तसं.

"डायलॉग म्हणता ना तुम्ही या खिडकीला?
बोलते तीच. आपण फक्त 'ठीक आहे' दाबायचं."
मग तिनं विचारलं,
"तिन्ही एकाच घरातले?"
एकाच घरातले. चुली वेगळ्या.
हे म्हणताना मला माहीत होतं,
यातल्या दोन चुली मीच मांडल्यात,
सात वर्षांच्या अंतरानं,
आणि दुसरी मांडताना पहिलीकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

पत्रात 'प्रमाण राखा' पुढे खूण आधीपासून असते.
स्लाइडमध्ये नसते. रुंदी ओढली की रुंदीच वाढते.
म्हणून शनिवारी, सभागृहाच्या पडद्यावर,
डेटलेफ दीडपट रुंद होऊन आला,
जबडा पसरलेला, टोपी ताटाएवढी.
वीबकेच्या हातून रिमोट सुटला.
मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं;
खोकला नव्हता तो.
पहिल्या रांगेत गेझीने, त्याची बायको,
मान तिरकी करून पाहत राहिली
आणि बऱ्यापैकी मोठ्यानं म्हणाली,
"चढलं एकदाचं अंगावर मांस."

शेवटचे तीन महिने
ती त्याला चादरीसकट उचलत होती. एकटी.

बिलाचं तर विचारूच नका.
बिलावर छोटा फोटो घालायची त्या दुकानाची रीत.
तक्त्यात तो सातव्या ओळीला बांधलेला:
'पेटी, ओक, पितळी कड्या.'
गेझीनेला साधी पाइनची पुरे होती,
वीबकेनं ओळ लपवली,
ओळीबरोबर डेटलेफही गेला.
ओळ परत आणली तेव्हा आला, किंचित बुटका.

दोन हिवाळे गेले त्यात.
तोर्गे आणि मी 'आकार' की 'मोजमाप' यावर
एक अख्खी दुपार भांडलो.
इल्का म्हणाली, लोकांच्या बोटांना सवय झालीय,
चुकीच्या जागेचीसुद्धा सवयच असते, हात लावू नका.
तिचंही खोटं नव्हतं.
तरी लावला.

मार्चमध्ये खिडकी एक झाली.
तिन्हीकडे तेच कप्पे, त्याच क्रमानं,
कापणं दुसऱ्याच कप्प्यात, हाताशी,
आणि 'प्रमाण राखा' पुढे खूण, आधीपासून.
यापुढे कुणी चुकून रुंद होणार नाही,
मी वीबकेला कळवलं. जरा ऐटीतच.

तिचं उत्तर संध्याकाळी आलं.
"छान. पण गेझीने येऊन गेली.
तिला तो पडद्यावरचा फोटो हवाय,
रुंद झालेला. मोठा, भिंतीवर लावायला.
आता तो कसा करायचा?"

बराच वेळ कर्सर लुकलुकत होता.
मग लिहिलं:
खूण काढा.
उजवी कड धरा, ओढा.
गेझीनेला शेजारी बसवा.
ती पुरे म्हणेल तिथे थांबा.